एकाच नावाच्या दोन चटण्या : आमची वाटचाल

आमच्या चटणीला देवीचं नाव आहे. ते नाव, आणि त्याच नावानं मसाला विकणाऱ्या व त्यावरून आम्हाला नोटीस धाडणाऱ्या कंपनीचं गाव मी इथं लिहीत नाही. दोघांमध्ये झालेल्या करारात तसं कलम आहे आणि ते आम्ही पाळतो. बाकीचं मात्र लिहायला हवं असं फार दिवस मनात होतं. महालक्ष्मी, अंबाबाई, जोतिबा, पंचगंगा, रंकाळा, शाहू या नावांच्या पाट्या कोल्हापुरात गल्लोगल्ली दिसतात. श्रद्धेनं, अभिमानानं लावलेली ही नावं. त्यामुळं आमच्यावर आलेली वेळ इथल्या कुठल्याही छोट्या उद्योजकावर येऊ शकते.

आमचा धंदा सासूबाईंनी उभा केला. १९८७ साली मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, बसवला. मार्च ते मे पेठेतल्या बायका मिरच्या वाळवून, देठं खुडून आणायच्या. भाजलेला गरम मसाला पुडीत, तळलेला कांदा, खोबरं, लसूण, कोथिंबीर डब्यात. डंकाशेजारी बसून आपापली वर्षाची चटणी कुटून घ्यायच्या. कांदा-लसूण मसाल्याला आमच्याकडं चटणीच म्हणतात. पुढं नोकरीवाल्या बायकांना एवढा वेळ होईना. "मावशी, आता तुमचीच दोन किलो द्या," म्हणून त्या पिशव्या ठेवून जायला लागल्या, आणि कुटून देण्याचा धंदा विकण्याचा झाला. सासूबाईंनी छापखान्यातून लेबलं छापून घेतली, बिलबुकं केली, रबरी शिक्का केला. तिन्हींवर देवीचं नाव.

प्रमाण तेव्हापासून तेच आहे. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला थोडी लवंगी. कांदा उन्हात वाळवून मग तेलात तांबूस तळायचा. आत ओल राहिली की महिनाभरात चटणीला वास येतो. २००९ मध्ये आम्ही शिरोली एमआयडीसीत गाळा घेतला. गरम मसाल्याला पल्व्हरायझर आणला, पण मिरची आणि कांदा-लसूण आजही डंकावरच कुटतो. वेगानं दळताना माल तापतो आणि लसणाचा वास मरतो. लक्ष्मीपुरीतले किराणा व्यापारी, पुण्या-मुंबईतले कोल्हापूरकर आणि नंतर ऑनलाइन विक्री, असा पसारा वाढत गेला.

२०२२ च्या उन्हाळ्यात, हंगाम ऐन भरात असताना, रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. 'सदर नाव वर्ग ३० मध्ये आमच्या अशिलांच्या नावे नोंदणीकृत आहे. वापर तात्काळ थांबवा, बाजारातला माल परत बोलवा, नुकसानभरपाई द्या.' वर्ग ३० म्हणजे मसाले, चहा, कॉफी, पीठ वगैरे. ट्रेडमार्कसाठी सगळा माल आणि सेवा ४५ वर्गांत वाटलेल्या असतात. त्याच आठवड्यात ज्या संकेतस्थळावरून आमची निम्मी ऑनलाइन विक्री व्हायची, तिथून आमचं पान काढून टाकलं गेलं. आम्ही जुनी बिलं पाठवली. उत्तर आलं, नोंदणी क्रमांक द्या नाहीतर कोर्टाचा आदेश आणा. पस्तीस वर्षांचा धंदा त्यांच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. कुटून ठेवलेला माल गाळ्यात पडून होता आणि कामावरच्या बायकांचे पगार थांबवणं आम्हाला शक्य नव्हतं. तो महिना मी विसरू शकत नाही.

माझ्या यजमानांचं पहिलं म्हणणं साधं होतं. देवीच्या नावावर कुणाची मालकी कशी? आमच्या वकीलबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावाची मक्तेदारी नाकारली आहे, हे त्यांनीच सांगितलं. पण लगेच म्हणाल्या, "हा मुद्दा पुढं केलात तर तो तुमच्यावरही उलटेल. उद्या कुणी तुमच्यासारखंच लेबल काढलं, तर तुम्ही कुठल्या तोंडानं अडवणार? आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ. आधी कोण, एवढंच बघू."

ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा, अंमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. त्याच्या कलम ३४ मध्ये आमच्यासारख्यांचा जीव आहे. नोंदणी करणाऱ्यानं नाव वापरायला सुरुवात केली ती तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, यांत जी आधीची असेल तिच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सतत वापरत असाल, तर नोंदणीच्या जोरावर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडई हलवा' या नावावरून दोन दुकानांत भांडण झालं. नोंदणी दोघांकडंही होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. एका मिठाईच्या दुकानाच्या निकालानं कोल्हापुरातल्या चटणीवाल्यांना किती धीर दिला, ते त्या दुकानदारांना कधी कळणारही नाही.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणाचाही अर्ज बघता येतो. समोरच्यांचा अर्ज २०१७ चा होता आणि वापराची तारीख त्यांनी स्वतःच २०१४ लिहिली होती. म्हणजे २०१४ च्या आधीपासून आजपर्यंत हे नाव आम्ही न थांबता वापरतोय, एवढं दाखवायचं होतं. बोलायला सोपं. पण शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या गोदामात २०१९ च्या पुरात पाणी शिरलं होतं, आणि खालच्या फळ्यांवरच्या बिलबुकांचा पार लगदा झाला होता.

मग घर धुंडाळणं सुरू झालं. कुठला कागद चालतो आणि कुठला नाही, हे मला तेव्हा समजलं, आणि ते प्रत्येक दुकानदारानं समजून घ्यावं असं आहे. विजेची बिलं, घरफाळ्याच्या पावत्या, डंकाचा परवाना यांनी धंदा चालू होता हे सिद्ध होतं. नाव वापरात होतं हे सिद्ध होत नाही. यात्रेतल्या स्टॉलचे फोटो होते, पाटी स्वच्छ दिसत होती, पण फोटोवर तारीख नव्हती. महिला मंडळाच्या दिवाळी अंकातली छोटी जाहिरात त्यापेक्षा भारी ठरली, कारण अंकावर साल छापलेलं होतं. लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं आपल्या जुन्या फायलींतून आमच्या नावाची १९९६ पासूनची बिलं काढून दिली आणि प्रतिज्ञापत्रही केलं. त्यांचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत. २००५ पासूनचे व्हॅटचे आणि २०१७ पासूनचे जीएसटीचे कागद आमच्या सीएंकडं होतेच. त्यांवरून त्यांनी वर्षवार विक्रीचा दाखला दिला.

आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पोस्टकार्डं निघाली. लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेल्या बायका सासूबाईंना पत्रानं ऑर्डर द्यायच्या. कुणाला किती पाठवली हे सासूबाई त्याच कार्डाच्या कडेला पेन्सिलीनं टिपून ठेवायच्या, म्हणून ती जपली गेली. डोंबिवलीहून आलेलं एक कार्ड वकीलबाईंनी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितलं. निळ्या शाईत लिहिलं होतं, 'तुमच्या चटणीची दोन किलोची पिशवी माझ्या भावाबरोबर पाठवा, मागच्या खेपेला मीठ किंचित कमी होतं.' 'तुमच्या' आणि 'चटणीची' यांच्या मधोमध आमच्या देवीचं नाव, आणि तिकिटाच्या बाजूला टपालाचा शिक्का, १९९१. "हे कार्ड कुणी मागाहून तयार केलं असं म्हणू शकणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. ज्या बाईनं ते लिहिलं तिचा पत्ता आता आमच्याकडं नाही. असता तर मी स्वतः जाऊन तिची ओटी भरली असती.

कागद इतके भक्कम असताना कोर्टात का गेला नाही, असं पुष्कळ जण विचारतात. पुण्यातल्या बर्गर किंगचं प्रकरण आमच्या डोळ्यांसमोर होतं. पुण्यातलं हे खाद्यगृह नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं. अमेरिकन बर्गर किंगची भारतातली दुकानं सुरू झाली २०१४ मध्ये, पण दावा त्यांनी २०११ मध्येच लावला होता. आम्हाला नोटीस आली तेव्हा तो दावा पुण्यातच पडून होता. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. नाव राहणार की जाणार या टांगत्या तलवारीखाली इतकी वर्षं धंदा करणाऱ्यांची छाती मोठी म्हणायची. आमची तेवढी ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर समोरची माणसं लबाड असतील असं मला कागदांवरून वाटत नव्हतं.

आम्ही कागदांच्या प्रती जोडून उत्तर पाठवलं आणि सोबत भेटायचं निमंत्रण दिलं. त्यांचे मालक मुलाला घेऊन शिरोलीला आले. त्यांच्या आजोबांची कुलदेवी तीच. त्यांचं मूळ उत्पादन लोणची आणि गोडा मसाला, आणि कांदा-लसूण मसाला त्यांनी मागाहून काढलेला. त्यांनाही त्रास होत होताच. आमची चटणी खाऊन जीभ पोळलेली गिऱ्हाइकं त्यांना फोन करून बोलायची, आणि त्यांचा मसाला 'फिका लागला' म्हणून तक्रार आमच्याकडं यायची. टेबलावर दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. दोन्ही लाल, दोन्हींवर कमानीत देवी, अक्षरं पिवळी. सासूबाईंनी त्यांचं पाकीट आपलं समजून उचललं, फोडून चिमूटभर हातावर घेतलं आणि वास घेऊन म्हणाल्या, "ह्यात तळलेला कांदा न्हाई. पावडर हाय."

"बरोबर आहे आजी, पावडरच घालतो आम्ही," ते म्हणाले.

"मग चटणी नका म्हणू बाबा तिला. मसाला म्हणा. आमचं काय म्हणणं न्हाई."

करार वकिलांनी लिहिला, पण त्याचा गाभा तिथंच ठरला. कांदा-लसूण चटणी आमची. लोणची आणि बाकीचे मसाले त्यांचे. त्यांनी पाकिटाचा रंग हिरवा करायचा आणि आपल्या गावाचं नाव देवीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायचं. आम्ही लाल ठेवायचा, कमान काढायची आणि 'कोल्हापूर' तसंच ठळक छापायचं. चुकून आलेली तक्रार एकमेकांकडं पोचवायची. तिसऱ्या कुणी हे नाव उचललं तर खर्च निम्मा-निम्मा. आमच्या नोंदणीला त्यांनी ना-हरकत पत्र द्यायचं. संकेतस्थळावरची तक्रार त्यांनी त्याच आठवड्यात मागं घेतली आणि आमचं पान पुन्हा दिसायला लागलं.

'कोल्हापूर' छापायला आम्हाला आनंदच होता, पण तो शब्द एकट्या आमचा नाही आणि नसावा. माल कुठला एवढंच सांगणारं नाव सहसा कुणाला ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन वेगळ्या कायद्याखालचं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचं आहे, कुणा एका कंपनीचं नव्हे. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तसल्याच चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा इथं केवढा संताप झाला ते सगळ्यांनी पाहिलं. त्या संतापात मीही होते.

नोंदणीचा अर्ज आम्ही त्यानंतर केला. छोट्या उद्योगाला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये. ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात अपेक्षेप्रमाणं त्यांचंच नाव आडवं आलं. कलम १२ खाली, म्हणजे दोघांनी प्रामाणिकपणे एकाच वेळी नाव वापरल्याच्या आधारावर, ना-हरकत पत्रासह मुदतीत उत्तर दिलं. मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं, हरकतीचे चार महिने गेले आणि प्रमाणपत्र हातात आलं. ते दहा वर्षांचं असतं, पुढं नूतनीकरण करायचं. तोपर्यंत पाकिटावर आम्ही फक्त 'टीएम' छापत होतो. गोलातला 'आर' ही नोंदणी झाल्याची खूण. नोंदणी नसताना ती छापणं बेकायदेशीर आहे. पूर्वी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता आर्थिक दंड होतो. कित्येक छोटे व्यावसायिक निव्वळ शोभेसाठी तो छापतात, त्यांनी तो आजच काढावा. जर्नल दर सोमवारी निघतं. आमच्या नावासारखं नाव कुणी आणतंय का, हे बघायला ते चाळायचं काम आता माझ्या मुलीकडं आहे.

जाता जाता एक चांगली गोष्ट सांगते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गासह आपल्या जिल्ह्याची अपिलं आता इथंच चालतात. पूर्वी अशा प्रकरणात तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची.

यंदा सासूबाईंच्या पद्धतीचं कैरीचं लोणचं काढायचं ठरलंय. लोणचं वर्ग २९ मध्ये येतं, आणि करारानुसार देवीचं नाव त्यावर टाकता येत नाही. सासूबाईंनी सुचवलेली पहिली काही नावं शोधात आधीच कुणाच्या तरी नावावर निघाली. शेवटी त्यांच्या माहेरच्या शेताचं नाव मोकळं सापडलं. अर्ज गेला आहे, वापराची तारीख पहिल्या बिलाची घातली आहे, आणि ते बिल स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलं आहे.