तुम्ही विचारलंत म्हणून: ओपन कॉल खालून वर वाचा

हा प्रश्न सहसा एका लिंकसोबत येतो. ‘डिजिटल माध्यमात काम करणाऱ्यांसाठी ओपन कॉल निघालाय, रक्कम चांगली आहे, मुदत संपत आलीय. अर्ज करू का?’ (ओपन कॉल म्हणजे अनुदानासाठी, बक्षिसासाठी किंवा महोत्सवासाठी कामं मागवणारं जाहीर आवाहन.) विचारणारा कधी पॉडकास्ट करणारा असतो, कधी छोटे माहितीपट करणारी, कधी वेब-कॉमिक किंवा व्हीआरमध्ये (आभासी वास्तवात) काहीतरी रचणारं एखादं जोडपं. मी स्वतः असे अर्ज भरत आले आहे, इतरांचे मसुदेही वाचून देते, म्हणून ही लिंक माझ्याकडे येते. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

माझं उत्तर बहुतेक वेळा एका उलट्या प्रश्नाने सुरू होतं: नियमावली वाचलीत का? कॉलच्या पानावर वरच्या भागात रक्कम असते, सुंदर छायाचित्र असतं, ‘आम्ही नव्या आवाजांच्या शोधात आहोत’ असं काहीतरी असतं. नियम आणि अटी तळाशी किंवा वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. खरा कॉल तिथे असतो. देणाऱ्याला काय हवंय हे वर लिहिलेलं असतं, तो तुमच्याकडून काय घेणार हे खाली. म्हणून खालून वर वाचा.

सगळ्यात आधी हक्कांचं कलम शोधा. त्यात पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे हे कलम कुणाला लागू आहे: निवडलेल्या कामांना की आलेल्या सगळ्या प्रवेशिकांना? ‘प्रवेशिका पाठवणारा प्रत्येक जण आयोजकांना जगभरासाठी, कायमस्वरूपी, विनामोबदला वापराचा परवाना देत आहे’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर थांबा. आयोजक बक्षीस एकाला देणार आणि हजारो जणांच्या चित्रांचा, व्हिडिओंचा साठा फुकटात जमवणार, असा तो व्यवहार आहे. विजेत्या कामाचा प्रसिद्धीपुरता, ठरावीक मुदतीचा वापर मागणं रास्त आहे. हरलेल्यांच्या कामावर कायमचा हक्क मागणं रास्त नाही, मग संस्था कितीही मोठी असो.

दुसरी गोष्ट, मागताहेत तो परवाना आहे की हस्तांतरण? परवान्यात काम तुमचंच राहतं, वापरायची मुभा त्यांना मिळते. हस्तांतरणात ते त्यांचं होतं, आणि उद्या त्याच मालिकेचा दुसरा भाग करायला तुम्हाला त्यांची परवानगी लागू शकते. परवाना असला तरी तो ‘अनन्य’ आहे का ते बघा. अनन्य परवाना दिलात की तेच काम तुम्ही दुसरीकडे दाखवू किंवा विकू शकत नाही, आणि त्याला कालमर्यादा नसेल तर तो हस्तांतरणाचाच चुलतभाऊ. व्हिडिओ गेमची कंपनी एपिक गेम्सने 2019 मध्ये 10 कोटी डॉलरचा ‘मेगाग्रँट्स’ निधी जाहीर केला, तेव्हा प्रत्येक अनुदान 5 हजार ते 5 लाख डॉलरच्या दरम्यान असेल आणि कामाची मालकी करणाऱ्याकडेच राहील, असं स्पष्ट सांगितलं होतं. आपल्या तंत्रज्ञानावर लोकांनी काम करावं, हा त्यांचा स्वार्थ त्यात होताच. पण तो उघड होता आणि करणाऱ्याचं काही हिरावून घेत नव्हता. मला असे स्वार्थ चालतात.

तिसरी गोष्ट लोक हमखास ओलांडून जातात: नैतिक हक्क. कामावर आपलं नाव लागणं आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशी त्याची मोडतोड न होणं, हे दोन हक्क कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात 1928 च्या रोम परिषदेत आले, कलम 6 बिस म्हणून. काही देशांत ते सोडून देता येतात, जसं ब्रिटनमध्ये. फ्रान्समध्ये नाही. ‘सर्व नैतिक हक्कांचा त्याग’ अशी ओळ अटींमध्ये असेल, तर उद्या तुमचा व्हिडिओ कापून, नाव काढून, भलत्याच मोहिमेत वापरला गेला तरी बोलायला जागा राहणार नाही. त्याच कलमात हल्ली आणखी एक शब्दप्रयोग डोकावतो: प्रवेशिका ‘मशीन लर्निंगसाठी’ (म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला) किंवा ‘आमच्या सेवा सुधारण्यासाठी’ वापरण्याची परवानगी. ती हवी की नको हा निर्णय तुमचा, पण न वाचता देऊ नका.

काही देणगीदार प्रतिष्ठानं उलट दिशेने मागणी करतात: काम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरता येईल असं, खुलं करा. हे परवाने 2002 पासून आहेत आणि मला ते तत्त्वतः आवडतात. फक्त एक लक्षात घ्या, एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. आणि तुमच्या माहितीपटात दुसऱ्याचं संगीत किंवा संग्रहातली दृश्यं नेहमीच्या करारावर घेतलेली असतील, तर तो भाग खुला करण्याचा अधिकारच तुमच्याकडे नसतो. हे अर्ज भरण्याआधी सुटायला हवं, अनुदान मंजूर झाल्यावर नव्हे.

हक्कांनंतर पैशांकडे या. पण रकमेकडे नाही, पैशांच्या जातीकडे. बक्षीस हे झालेल्या कामाचं असतं. अनुदान हे व्हायच्या कामाचं, आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. कमिशनमध्ये काम त्यांच्यासाठी करायचं असतं, त्यामुळे अंतिम शब्द त्यांचा असण्याची शक्यता दांडगी. आणि काही ठिकाणी ‘निधी’ म्हणतात तो प्रत्यक्षात आगाऊ रक्कम असतो, जो पुढच्या कमाईतून वसूल होतो. रक्कम हप्त्यांत मिळते का, शेवटचा हप्ता अंतिम अहवालानंतर आहे का, की आधी तुम्ही खर्च करायचा आणि पावत्या दाखवून परत मिळवायचा? या शेवटच्या प्रकारात गाठीला पैसा नसलेला माणूस मुळात भागच घेऊ शकत नाही, आणि कॉल बहुतेक वेळा त्याच्याच नावाने काढलेला असतो.

टिकटॉक, यूट्यूबसारखे मंच स्वतः काढतात त्या निधींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्या जाहिराती सगळ्यात मोठ्या असतात. टिकटॉकने 2020 मध्ये 20 कोटी डॉलरपासून क्रिएटर फंड सुरू केला. तो ठरावीक रकमेचा घडा होता: भाग घेणारे वाढत गेले, घडा त्या मानाने वाढला नाही, म्हणजे प्रत्येकाचा वाटा घटत गेला. यूट्यूबर हँक ग्रीन यांनी 2022 च्या सुरुवातीला हे गणित जाहीरपणे मांडलं. 2023 च्या डिसेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्समध्ये तो फंड बंद झाला आणि त्या जागी दुसरी योजना आली. यूट्यूबचा 10 कोटी डॉलरचा शॉर्ट्स फंडही असाच काही काळ चालला. फेब्रुवारी 2023 पासून त्याऐवजी जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा सुरू झाला, करणाऱ्यांच्या नावे धरलेल्या रकमेच्या 45 टक्के. फंड आणि वाटा यांतला फरक कळला की ‘क्रिएटर्ससाठी अमुक कोटी’ ही घोषणा वाचून हुरळून जायला होत नाही. रक्कम कितीही असो, ती कितीजणांत आणि कोणत्या सूत्राने वाटणार, ते विचारा.

देणगीदारांचाही भरवसा कायमचा नसतो. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा कितीतरी देशांतल्या छोट्या स्वतंत्र माध्यमांचे चालू प्रकल्प अर्ध्यावर अडकले. त्यांनी अर्ज चुकीचा भरला नव्हता, काम वाईट केलं नव्हतं. सगळा खर्च एकाच नळावर लावलेला होता, एवढंच. लोकवर्गणीचाही विचार करा, पण तिथेही नियम आहेत. किकस्टार्टरवर ठरवलेलं लक्ष्य गाठलं नाही तर एक पैसाही हातात येत नाही, आणि गाठलं तर 5 टक्के मंचाचे, वर पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. शिवाय ठरावीक देशांत राहणाऱ्यांनाच तिथे मोहीम उभी करता येते.

पात्रतेवर फार वेळ घालवत नाही, कारण ती पांढऱ्यावर काळी लिहिलेली असते आणि तरीही लोक ती डावलून अर्ज करतात. क्रिएटिव्ह कॅपिटल ही अनुदान देणारी संस्था अमेरिकेतल्या कलावंतांसाठी आहे, कॅनडा मीडिया फंड कॅनडातल्या कंपन्यांसाठी. उलट रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड आणि अॅम्स्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाचा इडफा बर्था फंड हे प्रामुख्याने आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका आणि मध्यपूर्वेतल्या दिग्दर्शकांसाठी आहेत. ‘बघू, कदाचित चालेल’ याने वेळ जातो, बाकी काही होत नाही. संस्था नोंदलेली हवी अशी अट असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर एखादी नोंदणीकृत संस्था आपल्या नावाने पैसे घेऊन तुम्हाला देते का ते बघा. अमेरिकेत याला फिस्कल स्पॉन्सरशिप म्हणतात आणि त्यापोटी संस्था बहुधा 5 ते 10 टक्के ठेवून घेते.

आता वर चढत विषयाकडे आलो. इथे माझं मत जरा कडक आहे. कॉलचा विषय बघून काम सुचत असेल, तर अर्ज करू नका. विषयांना मोसम असतात, यंदा हवामानबदल, पुढच्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता. त्यामागे धावणाऱ्याचं काम कधीच त्याचं दिसत नाही, आणि निवड समितीत बसलेल्यांना ते पहिल्या परिच्छेदात कळतं. ऑस्ट्रियात लिंझ शहरात 1987 पासून प्री आर्स इलेक्ट्रॉनिका दिलं जातं, डिजिटल कलेतल्या जुन्या आणि मानाच्या पारितोषिकांपैकी एक. तिथलं सर्वोच्च ‘गोल्डन निका’ 1999 मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीला मिळालं आणि 2004 मध्ये विकिपीडियाला. या दोन्ही गोष्टी कुणाच्या कॉलला उत्तर म्हणून जन्मल्या नव्हत्या. त्या आधी होत्या, आपापल्या कारणाने चालू होत्या. तुमच्या हातात आधीच काहीतरी असेल आणि कॉल त्याच्याजवळून जात असेल, तर त्या कामातला कोणता भाग या देणाऱ्याच्या कामाचा आहे तो नेमका दाखवा. एका पानात सांगता आलं पाहिजे: काय करताय, आत्तापर्यंत किती झालंय, या पैशाने नेमकं काय पुढे जाईल. नमुना म्हणून दोन मिनिटांचं प्रत्यक्ष काम द्या, हेतूंची दहा वाक्यं नकोत.

अंदाजपत्रकात स्वतःचं मानधन लिहा. संकोचाने शून्य टाकणारे पुष्कळ आहेत. त्यातून त्याग दिसत नाही, हिशेब कच्चा आहे एवढं दिसतं. अनपेक्षित खर्चासाठी दहाएक टक्के ठेवा, बाहेरून येणाऱ्या रकमेवर बँकेची कापाकापी आणि कर धरा.

प्रवेश शुल्काबद्दल विचारता, तर सरसकट वाईट म्हणणार नाही, छोट्या महोत्सवांचा खर्च त्यातूनच निघतो. पण वर्ल्ड प्रेस फोटोसारखी वृत्तछायाचित्रांची मोठी स्पर्धा प्रवेशिकेला पैसे घेत नाही, हेही ध्यानात असू द्या. शुल्क असेल तर मागच्या वर्षीच्या विजेत्यांची कामं खरोखर कुठे दाखवली गेली ते शोधा. काहीच सापडत नसेल, तर तो महोत्सव बहुधा शुल्कावरच चालतो. शुल्कमाफी मागायलाही लाजू नका, अनेक ठिकाणी ती एका साध्या ईमेलवर मिळते. आणि काम आधी यूट्यूबवर टाकून मग अर्ज करणार असाल, तर प्रीमियरची अट, म्हणजे काम आधी कुठे दाखवलेलं नसावं ही अट, पाहा. अमेरिकेतला सनडान्स महोत्सव लघुपटांना अशी अट घालत नाही, काही महोत्सव मात्र ऑनलाइन दिसलेलं काम घेतच नाहीत.

राहता राहिली मुदत. तिच्यापुढे एओई (AoE, ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’) लिहिलेलं असेल तर अर्थ असा, की पृथ्वीवर कुठेही ती तारीख अजून चालू आहे तोवर अर्ज चालेल. म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 12 तास मागचं घड्याळ. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं त्याहून काही तास जास्त मिळतात. ते तास अर्ज लिहायला वापरू नका, व्हिडिओ चढायला ठेवा, शेवटच्या तासात पोर्टल रांगतं. व्हिडिओची लिंक पासवर्डवाली असेल तर ती दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता, उघडून बघा. आणि निकाल लागेपर्यंत तो पासवर्ड बदलू नका, लिंक उघडली नाही म्हणून तुम्हाला फोन करून विचारणारा परीक्षक मला अजून भेटायचाय.