बॉनेट १९५४ चं, इंजिन त्याच्याही आधीचं

बॉनेट उघडलं आणि आधी डोळ्यांत भरली ती मोकळी जागा. इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या झाकणावर, मूठ उभी ठेवली तरी बॉनेटला लागणार नाही, एवढी. विलीस कंपनीच्या सीजे-३बी जीपमध्ये ही जागा असायला नको. या मॉडेलचं बॉनेट उंच केलं गेलं ते आतलं नवं इंजिन उंच होतं म्हणूनच.

जीप साखळीच्या एका निवृत्त मास्तरांची, म्हणजे मूळची त्यांच्या आजोबांची. आजोबा डिचोलीकडच्या खाणींवर ठेकेदारी करत. मुरगाव बंदरात गाडी उतरल्याची पोर्तुगीज भाषेतली पावती मास्तरांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून आणली होती. पाटीवर गोवा मुक्तीनंतरच्या जुन्या नोंदणीचा, जीडीने सुरू होणारा नंबर. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मास्तरांना ती नोंद हवी होती. मात्र चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणून ते फोंड्याला माझ्या वर्कशॉपमध्ये आले. “मेस्त्री, इंजिन ओरिजिनल आहे एवढं लिहून द्या,” म्हणाले.

चॅसिस नंबरची पट्टी शाबूत होती. सुरुवात ४५४-जीबी२. त्यातला ५४ म्हणजे वर्ष. म्हणजे बॉडी अमेरिकेत टोलेडोला विलीसच्या कारखान्यात बनलेली, १९५४ ची. पावतीशी जुळणारं. मुंबईला महिंद्राची जीप तेव्हा तयार होत होती, पण त्याच सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी सुरू केली, त्यामुळे गाडी समुद्रमार्गे येणं स्वाभाविक होतं. आरसी बुकात इंजिन नंबर ‘४जे’ने सुरू होणारा. हेही बरोबर, कारण ३बीच्या हरिकेन इंजिनाला हीच अक्षरं असत.

पण समोर हरिकेन नव्हतं. हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडात असतात, त्यामुळे वर रॉकर कव्हर येतं. इथे पाट्यासारखं सपाट हेड आणि त्यात उभे चार प्लग. म्हणजे साइड व्हॉल्व्ह, सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. बार्नी रूस या इंजिनियरने विलीसच्या जुन्या ४८ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर मेहनत घेऊन ६० हॉर्सपॉवरचं केलेलं ‘गो डेव्हिल’. मोजमापाने इथे काही कळत नाही, कारण हरिकेन याच इंजिनावरून काढलेलं आहे. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १११.१, दोन्ही २१९९ सीसी. फरक सगळा व्हॉल्व्ह कुठे बसवले यात.

मग नंबर पाहिला. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळ एक सपाट उंचवटा असतो, त्यावर नंबर पंच केलेला असतो. घासलेटाने पुसल्यावर ‘४जे’ आणि पुढचे आकडे स्वच्छ वाचता आले, अगदी आरसीप्रमाणे. पण आकडे एका रेषेत नव्हते, आणि त्यांच्याखाली कानशीचे तिरपे ओरखडे होते. कधीतरी कुणीतरी मूळ नंबर घासून आरसीतला नंबर हाताने ठोकला होता. पंच केलेला नंबर म्हणजे कुणीतरी केलेली नोंद असते. ती खरी की खोटी हे लोखंडालाच विचारावं लागतं, असं मी माझ्या पोरांना शिकवतो.

साइड व्हॉल्व्ह आहे म्हणजे गाडीच्या मूळच्या इंजिनाच्या पिढीआधीचं, एवढं ठरलं. पण ही इंजिनं युद्धातल्या जीपला होती, युद्धानंतरच्या सीजे-२एला होती आणि सीजे-३एलाही. यातलं हे कुठलं? पुढचं सील गळत होतंच, म्हणून मास्तरांना विचारून टायमिंग कव्हर काढलं. आत क्रँकवरून व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट फिरवायला चेन.

युद्धातल्या इंजिनांत चेन, युद्धानंतरच्या अगदी सुरुवातीच्या सीजे-२एमध्येही चेन, आणि मग कंपनीने चेन काढून गिअर घातले. चेन असली की कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअर असले की उलट. कॅमशाफ्टवर ऑइल पंप चालतो आणि ऑइल पंपावर डिस्ट्रिब्युटर, म्हणून पंपाच्या गिअरचे दातही दोन्ही इंजिनांत वेगळे असतात. पंप बाहेर काढून दात तपासले. तेही चेनवाले. नुसती चेन कुणी नंतर घातली असेल ही शंका त्यामुळे फिटली. जे बसलं होतं ते एकमेकांचं होतं.

आता राहिला प्रश्न कुणाचं, याचा. माझा शिकाऊ मुलगा धावत आला आणि मॅनिफोल्डच्या एका बोल्टाच्या डोक्यावरचं वळणदार इंग्रजी ‘एफ’ दाखवू लागला. फोर्ड आपल्या बोल्टांवर ते अक्षर घाली. पण बोल्टावर मी निकाल देत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत बोल्ट या गाडीतून त्या गाडीत किती फिरतात! ब्लॉकवर ओतकामातच आलेली उठावाची अक्षरं मात्र कुणी बदलू शकत नाही. ती कानशीने नष्ट करता येतात, नवी उठवता येत नाहीत.

ब्लॉकवर रंगाचे थर होते, हिरवा, मग काळा, मग चंदेरी, आणि त्यांखाली खाणीची लाल माती तेलात मुरून घट्ट झालेली. स्क्रेपर वापरायचा नाही अशी ताकीद दिली आणि स्वतः बसलो. घासलेट, तारेचा ब्रश, फडकं, पुन्हा घासलेट. विलीसचा ब्लॉक असता तर ६३८६३२ हा आकडा निघाला असता. मी सहाची वाट पाहत होतो आणि निघालं ‘जी’. मग ‘पी’. मग पूर्ण ओळ: जीपीडब्ल्यू-६०१५. फोर्डचा ब्लॉक.

माझ्या हातांना खरोखर कंप सुटला होता. दुसऱ्या महायुद्धात विलीसला एकट्याला पुरवठा झेपेना, म्हणून अमेरिकन सैन्याने तोच आराखडा फोर्डलाही बनवायला दिला. त्या फोर्डच्या जीपचं नाव जीपीडब्ल्यू, बांधणी १९४२ ते १९४५, संख्या पावणेतीन लाखांहून जास्त. म्हणजे बॉडी टोलेडोत घडण्याच्या निदान नऊ वर्षं आधी हे इंजिन ओतलं गेलं होतं. फोर्डमध्ये इंजिनाचाच नंबर चॅसिसवर ठोकत. या इंजिनाचा मूळ नंबर घासला नसता तर त्याची जोडीची चॅसिस आजही ओळखता आली असती. ज्याने कानस चालवली त्याने फक्त कागद जुळवला आणि एका यंत्राचं मूळ पुसून टाकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मास्तरांना समोर बसवून सगळं दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी साखळीला काकीला फोन लावला. काकी नव्वदीच्या घरात, पण आवाज खणखणीत. मुक्तीनंतर दोन-तीन पावसाळ्यांनी जीप खाणीच्या चढावर तापली आणि ब्लॉकला चीर गेली, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मामंजींनी बेळगावला लष्कराच्या लिलावातला माल घेणाऱ्या एकाकडून इंजिन आणलं, ट्रकमधून, अनमोडमार्गे. “सगळे म्हणत होते जुनंपानं आणलं. पण चाललं की रे इतकी वर्षं!”

मी अहवालात जे दिसलं ते लिहिलं: बॉडी आणि चॅसिस सीजे-३बी, १९५४, इंजिन फोर्ड जीपीडब्ल्यू, युद्धकाळातलं, नंबर नंतर ठोकलेला. ओरिजिनल हा शब्द लिहिला नाही. तसं का, हे मास्तरांनी विचारलंही नाही. हरिकेन शोधून बसवायचा पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवला, कारण महिंद्राने तेच इंजिन इथे बनवलं होतं. पण तेही या गाडीसोबत आलेलं नसणार, हेही सांगितलं. माझं स्वतःचं मत विचारलं तेव्हा म्हणालो, हे इंजिन भंगारात जाता कामा नये.

व्हिंटेजचा अर्ज त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आहे. आधी आरसीतली इंजिनाची नोंद दुरुस्त करायची, असं ठरलं. ब्लॉक आता माझ्याकडेच आहे. बोअर झिजून अंडाकृती झाला आहे, पण चीर कुठेच नाही. चाळीस थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) ओव्हरसाइझ पिस्टन मागवलेत, आणि ओतीव अक्षरांवर या वेळी रंग लावायचा नाही असं पोरांना सांगून ठेवलं आहे.