दाताचे मूळ काढताना उपकरण का वाकते, का मोडते

मुळाचा उरलेला तुकडा काढताना उपकरणाचे टोक वाकले की आपण दंतवैद्य आधी पोलादाला दोष देतो. पोलाद कधी कधी निकृष्ट असतेही; पण माझ्या मते बहुतेक वेळा उपकरणाला त्याचे नसलेले काम दिलेले असते. मूळ आणि हाड यांच्यामधली फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यात शिरून तिथले तंतू कापता यावेत म्हणून लक्सेटर या उपकरणाचे पाते मुद्दाम पातळ ठेवलेले असते, तर एलिव्हेटर या दुसऱ्या उपकरणाला तरफेचे काम करायचे असल्यामुळे त्याचे पाते जाड असते. लक्सेटर आत शिरलाच आहे तर त्यानेच थोडे उचकटून पाहू, हा मोह मात्र भल्याभल्यांना आवरत नाही. पात्याची जाडी निम्मी असेल तर ताठरता निम्मी नव्हे, एक अष्टमांश उरते, आणि कायमचे वाकण्यापूर्वी ते सोसू शकेल असा जोर एक चतुर्थांशावर येतो. पुन्हा पुन्हा धार लावून झिजलेल्या एलिव्हेटरलाही हाच हिशेब लागू पडतो.

धार लावण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. वेगाने फिरणाऱ्या चाकावर टोक निळसर होईपर्यंत तापले, तर पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, उतरते आणि ते मऊ पडते. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, १३४ अंश सेल्सिअस तापमान त्यासाठी पुरेसे नसते, त्यामुळे ते पोलाद मऊ करते हा त्याच्यावरचा आरोप खोटा आहे. खरा धोका उपकरणावर वाळलेल्या रक्ताचा आणि सलाइनचा असतो, कारण त्यांतील क्लोराइडमुळे स्टेनलेस पोलादावरही बारीक खड्डे पडतात, अशा खड्ड्यापासून तडा सुरू होतो आणि एखाद्या दिवशी नेहमीच्याच जोराला टोक तुटते. वाकलेले टोक पकडीने सरळ करणे तर मला सर्वांत घातक वाटते. ते दिसायला पूर्ववत होते, पण वाकलेल्या जागी धातू ठिसूळ झालेला असतो.

मूळ हाडाला जुळून आले असेल, टोकाशी फुगलेले किंवा आकड्यासारखे वळलेले असेल, तर जोर वाढवून ते निघत नाही. तिथे थोडे हाड कमी करावे किंवा मुळाचे भाग करावेत. तरीही टोक तुटलेच, तर काम थांबवून तुकडा शोधावा, दाताच्या खळगीचा एक्स-रे काढावा, आणि तो तिथे नसेल तर तो गिळला किंवा श्वासावाटे आत गेला असू शकतो, म्हणून रुग्णाला तसे सांगून छातीचा व पोटाचाही एक्स-रे काढून घ्यावा.