स्किनिंग शेडमधला इंटर्न

शिरवळला पशुवैद्यकीचं किंवा पुण्यात प्राणिशास्त्राचं शिक्षण घेणाऱ्या एखाद्याच्या डोक्यात दर वर्षी हा किडा वळवळतो: मे ते जुलै नामिबियात नाहीतर दक्षिण आफ्रिकेत शिकारी सफारीवाल्याकडे इंटर्न म्हणून जायचं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा धंदाच उरलेला नाही, त्यामुळे तो बघायचा तर तिकडेच. शिकारीबद्दल मत काहीही असो, रक्ताचा वास सोसत नसेल तर तिकिटाचे पैसे वाया घालवू नयेत.

बंदुकीला हात लागणार नाही, हे आधीच धरून चाला. गिऱ्हाइकाबरोबर परवानाधारक शिकारी असतो, त्याला तिकडे सगळे पीएच (प्रोफेशनल हंटर) म्हणतात. पुढे माग काढणारे. इंटर्नची जागा बक्कीच्या, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात आणि त्याहून जास्त स्किनिंग शेडमध्ये, म्हणजे जनावरं सोलायच्या शेडमध्ये. सफारीवाल्याचं नाव होतं किंवा जातं ते याच शेडमध्ये. गिऱ्हाईक घरी नेतो ते कातडं आणि शिंगं. वर्षभराने त्या कातड्याचे केस गळाले, तर नेम कितीही अचूक असला तरी त्याचं कौतुक कोणी करत नाही.

जनावर पडलं की आधी फोटो, तेही पटकन. मग शक्यतो अर्ध्या तासात पोट उघडायचं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोथळ्यात मेल्यानंतरही आंबणं चालूच राहतं. वायू धरून पोट टम्म फुगतं, आणि आतली ऊब कातड्यापर्यंत पोचली की जिवाणू केसांची मुळं सैल करतात. तिकडे हे हिवाळ्याचे दिवस; रात्री पारा शून्याजवळ गेलेला असला तरी दुपारी ऊन चांगलंच तापतं, थंडी आहे म्हणून गाफील राहू नये. सुरीचं टोक वर, पातं आतून बाहेर. कोथळा किंवा मूत्राशय फुटलं की मांस नासलंच. धड गाडीकडे नेताना दोरीने फरफटत न्यायचं नाही, ताडपत्रीवर उचलायचं. मुरमावर घासलेल्या खांद्याचे केस परत येत नाहीत.

भिंतीवर खांद्यापर्यंतचं डोकं लावायचं असेल तर त्या कातड्याला केप म्हणतात. नवखा इथे हमखास चुकतो. गोल काप खांद्याच्या बराच मागे, बरगड्यांवर घ्यायचा. जास्त राहिलेलं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही. लांब काप मानेच्या मागून, पाठीच्या रेषेवर. गळा कधीही कापायचा नाही, समोरून दिसणारी बाजू तीच.

खरी कसोटी चेहऱ्याची. डोळ्यापाशी बाहेरून पापणीखाली बोट घालून कातडं ताणून धरायचं आणि सुरी हाडाला चिकटून चालवायची, नाहीतर पापणी चिरते. डोळ्यापुढच्या ग्रंथीचा खळगा हाडापासून अलगद सोडवायचा. ओठ आतून चिरून उघडे करायचे, कान टोकापर्यंत उलटे करायचे, नाकाची कूर्चा पातळ करायची. कुठेही दुहेरी जाडी राहिली की तिथे मीठ पोचत नाही, आणि केस पहिले सुटतात ते तिथेच.

मीठ बारीक हवं. खडे मिठात फटी राहतात. अंदाज सोपा आहे: जेवढं कातड्याचं वजन, तेवढं मीठ. मांस आणि चरबी खरवडून आतल्या बाजूला हाताने चोळायचं आणि उतरत्या फळीवर पाणी निथळू द्यायचं. २४ तासांनी ओलं मीठ झटकून नवीन लावायचं. झटकलेलं पुन्हा वापरणं ही भलती काटकसर, त्यात जिवाणू आलेले असतात. वाळवण सावलीत, वारा खेळेल असं. उन्हात टाकलं तर वरून पापडासारखं कडक होतं आणि आत कच्चंच राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर बघायलाच नको.

कवटी मंद उकळायची. जास्त शिजली तर नाकाची हाडं सुटी होतात. शिंगाचं कवच आतल्या हाडावरून पिळून निघालं की लगेच खुणेची पट्टी बांधायची. पाच कुडूंची, म्हणजे पिळदार शिंगांच्या मोठ्या आफ्रिकी कुरंगांची, दहा कवचं एका ढिगात पडली की जोड्या लावत बसा. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. कपड्यांचं क्लोरीनचं ब्लीच हाड खातं.

हातमोज्यांचा कंटाळा करू नका. गोचिड्या असतातच, त्यांच्यापासून ताप येतो. नामिबियातल्या कुडूंमध्ये रेबीज १९७०च्या दशकापासून आहे आणि तो लाळेतून पसरतो. माणसाला न घाबरता जवळ येणारा कुडू दिसला की 'किती माणसाळलाय' असं म्हणत पुढे जायचं नाही. रेबीजची प्रतिबंधक लस निघण्याआधीच घेऊन ठेवा.

सराव पुण्यातच होतो. ओळखीच्या खाटकाकडे आठवडाभर सकाळी उभं राहून बोकड सोलायला शिका. सुरीला धार लावणं तरी आलंच पाहिजे, शेडमध्ये दिवसभर तेच चालतं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्याच्या खुरांचे ठसे सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. ठसा आपण आणि सूर्य यांच्या मधे ठेवला की कडांची सावली उठून दिसते. जुन्या बाजारातली लष्करी छापाची पँट मात्र घरीच राहू द्या. झिम्बाब्वेत सामान्य माणसाने असे कपडे घालायला बंदी आहे.

कागदपत्रांत अडकणाऱ्या गोष्टी दोन. बिनपगारी असलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं, त्यामुळे पर्यटक व्हिसावर जाण्याआधी वकिलातीकडून लेखी खात्री करून घ्या. आणि दक्षिण आफ्रिकेला जाताना आदिस अबाबा किंवा नैरोबीला १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ती लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

परतताना बॅगेत साळिंदराचा काटासुद्धा आणू नका. मुंबई विमानतळावर कस्टमवाल्यांपुढे 'शेडमध्ये पडला होता' हे उत्तर चालत नाही.