२३०ला गळणारे ठोके अखेर सापडले

ड्रम्स वाजवताना पावणेदोन महिने ज्या डाव्या पायाला दोष देत होतो, तो पाय ठोके गाळतच नव्हता. परवा संध्याकाळी हे कळलं आणि रात्री झोप लागली नाही. म्हणून रविवारची वाट न बघता आजच लिहितोय.

मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना सगळं माहीत आहेच. क्रिप्टॉप्सी या डेथ मेटल बँडच्या ‘नन सो व्हाइल’ अल्बममधलं सहावं गाणं, ‘फोबोफाइल’, गणपतीआधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचं, हा यंदाच्या पावसाळ्याचा संकल्प. हापूसचा हंगाम संपला की आमची पॅकिंगची खोली रिकामी होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट तिथे जातं. गणपतीला मुंबईची माणसं आली की त्याच खोलीत गाद्या पडतात. मधले जेमतेम तीन महिने माझे.

डबल पेडलची (दोन्ही पायांनी एकच किक, म्हणजे बेस ड्रम वाजवायचं पेडल) शिडी ठरल्याप्रमाणे चढत होतो, दर आठवड्याला ५ बीपीएम (मिनिटाला मात्रा, आणि प्रत्येक मात्रेत पायांचे चार ठोके). २२०पर्यंत सुरळीत. २२५ला कुठेतरी खडा लागल्यासारखं व्हायचं. २३०ला मात्र हेडफोनमध्ये भोकं पडायला लागली. सोळा ठोक्यांच्या आवर्तनात कधी एक नाही, कधी दोन नाहीत. आणि गळणारा ठोका जवळजवळ नेहमी डाव्याचा.

मग जे आपण सगळेच करतो ते सगळं केलं. स्प्रिंग दोन आटे घट्ट केली, मग चार आटे सैल केली. बीटर (पॅडवर आपटणारा पेडलचा दांडा) पुढे आणला, मागे नेला. बूट काढून वाजवलं, मोजे घालून वाजवलं. घोट्याची चाल सोडून तीन आठवडे स्विव्हल (टाच डावी-उजवीकडे फिरवत मारायची चाल) घोटवला, गुडघा दुखायला लागला म्हणून परत घोट्यावर आलो. चेन आणि बिजागरी पुसून तेल दिलं. (इथल्या खाऱ्या हवेत शिलाई मशीनचं तेल फार दिवस टिकत नाही आणि धूळ धरतं. स्प्रिंगच्या हुकांना पातळ ग्रीसच बरं, हे माझं मत आता पक्कं झालंय.) शेवटी चेन नसलेलं डायरेक्ट ड्राइव्ह पेडल घ्यायचं ठरवून पैसेही बाजूला काढले. २३० काही हललं नाही.

एक-दोन ठोके गळाले तर एवढं काय, असं आपल्यातल्याच एकाने विचारलं होतं. त्याचं उत्तर मला हा अल्बम ऐकतानाच मिळत गेलं. १९९६चा अल्बम, मॉन्ट्रियलचा बँड, ८ गाणी, जेमतेम ३२ मिनिटं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फक्त वेग ऐकू येतो, मलाही तेवढाच आला होता. गायक लॉर्ड वर्मचा शब्द कळत नाही, गिटार आणि ड्रम्स एकमेकांत मिसळून एकच लोंढा वाटतो. मग साठ टक्के वेगावर आणून एकेक तुकडा लिहून काढायला घेतला. तेव्हा दिसलं की ड्रमर फ्लो मूनिए एका ब्लास्टवर (अतिवेगवान सलग ठोक्यांवर) फार वेळ बसतच नाही. झांज बदलतो, स्नेअरची जागा बदलतो, रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) वळायच्या आत एखादा टॉम ड्रम्सचा घरंगळता तुकडा टाकतो. आणि मध्येच सगळे थांबतात. त्या एवढ्याशा फटीत एरिक लांग्लोआचा बेस बोटाने फटकावल्यासारखा टणकन वाजतो आणि बँड पुन्हा अंगावर येतो. ‘फोबोफाइल’ची सुरुवात तर पियानोने होते. तो पियानो ऐकून झाल्यावर पुढचं सगळं दुप्पट जड वाटतं.

मला या संगीताचं वेड लागलंय ते या फटींमुळे. आजूबाजूची भिंत चिरेबंदी असेल तरच फट फट म्हणून कानाला लागते. डबल बेसमध्ये माझ्याकडून भलतीकडेच भोकं पडत असतील, तर त्यांनी ठरवून ठेवलेल्या शांततेची किंमत जाते. सफोकेशन बँडच्या १९९१च्या ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’मध्ये ड्रमर माइक स्मिथ वेगातून संथ, जड रिफमध्ये कोसळतो तिथेही हेच. आपल्या मुंबईच्या गटस्लिट बँडचा २०१७चा ‘अ‍ॅम्प्युथिएटर’ ऐकतानाही माझा कान आता तिथेच जातो. म्हणून २३०चा ठोका मला ठोक्यागणिक हवा होता.

तर परवा. पाऊस जरा उघडला होता. शेजारचे आबा खोलीच्या ओट्यावर येऊन बसले होते. आबांनी डबलबारी भजनांना वर्षानुवर्षं पखवाज वाजवलाय. हाताच्या अंगठ्याला वाळलेली कणीक तशीच होती, म्हणजे पखवाज लावूनच आले असणार. मी हेडफोन लावून २३०ची आवर्तनं घेत होतो. भोक पडलं की थांबायचो, परत सुरू करायचो. पाचसहा वेळा असं झाल्यावर त्यांनी दारातून हाक मारली.

“झिला, दोनय पाय बराबर पडतत. मगे मधीच थांबतस कित्याक?”

“आबा, मधले ठोके येनत नाय.”

“तुझ्या कानात येनत नसतीत. माका भायर सगळे आयकाक येतत.”

मी हेडफोन काढून तसाच बसलो. आबांना मॉड्यूलमधला (पॅडवरच्या ठोक्याचा ड्रमसारखा आवाज काढणाऱ्या यंत्रातला) आवाज ऐकू येत नव्हता. त्यांना येत होती फक्त पॅडवर बीटर आपटल्याची धपधप. आणि पखवाजाच्या बोलात एक अक्षर कमी पडलं तरी ज्यांची मान हलायची थांबते, ते सगळे ठोके पडतात म्हणत होते.

त्याच रात्री पडताळलं. मोबाइल पेडलपासून वीतभर अंतरावर ठेवून बीटरची धपधप रेकॉर्ड केली. त्याच वेळी मॉड्यूलचा आवाज थेट लॅपटॉपवर घेतला. दोन्ही एकाखाली एक लावून मोजलं. २३०ला चार आवर्तनांत ६४ ठोके. मोबाइलवर ६४. मॉड्यूलवर ५७.

सात ठोके पायाने मारलेले आणि यंत्राने गिळलेले.

मग मॉड्यूलची किकची सेटिंग उघडली आणि ‘मास्क टाइम’समोर ६० मिलिसेकंद दिसले. ते मीच ठेवले होते. मार्चमधली नोंद आठवत असेल: किकच्या पॅडची जाळी सैल पडली होती, एका ठोक्याला दोन आवाज येत होते, तेव्हा घाईत हा आकडा वाढवला आणि ‘दुहेरी आवाज बंद झाला’ असं आनंदाने लिहिलं. नंतर जाळी ताणून घेतली, आकडा मात्र तसाच राहिला.

हिशोब सरळ आहे. मास्क टाइम म्हणजे एक ठोका वाजल्यावर तेवढा वेळ पॅडचं काही ऐकायचं नाही. २२०ला दोन ठोक्यांत ६८ मिलिसेकंद असतात, तिथे पाय थोडा पुढेमागे झाला तरी चालून जातं. २३०ला उरतात ६५. रेकॉर्डिंगवर मोजलं तर माझा डावा काही ठिकाणी उजव्यानंतर ५८ मिलिसेकंदांतच पडत होता. तो थेट बंद दारावर. म्हणजे डाव्याची घाई खरी आहे, ती सुधारायची आहे, पण ठोका मारायला तो एकदाही चुकलेला नाही. आणि २४०ला अंतरच साडेबासष्टचं. मी अगदी घड्याळासारखा वाजवला असता तरी त्या सेटिंगवर हातात अडीच मिलिसेकंद उरले असते.

आकडा २०वर आणला तर दुहेरी आवाज परत. ३२ला बसला. ६४पैकी ६४, तीन वेळा सलग. तिसऱ्यांदा मोजून झालं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि खोलीभर मी एकटाच हसत होतो. पेडलचा बेत अर्थातच रद्द.

इथपर्यंत लिहून चहाला उठलो आणि चहा गाळताना दुसरंच सुचलं. दोन्ही बीटर एकाच पॅडवर का मारायचे? डाव्याला वेगळा पॅड आणि मॉड्यूलचं वेगळं इनपुट दिलं, तर २४०ला प्रत्येक पॅडवर दर १२५ मिलिसेकंदांनी एकच ठोका येईल. मग मास्क टाइम ५०-६० ठेवला तरी कुणाचा ठोका अडणार नाही, आणि दुहेरी आवाजाचाही प्रश्न मिटेल. माझा तिसरा टॉम मी फारसा वापरत नाही, त्याचं इनपुट मोकळं करता येईल. शिवाय दोन पाय दोन ट्रॅकवर रेकॉर्ड होतील, म्हणजे डाव्याची घाई रोजच्या रोज दिसेल. ‘येत्या आठवड्यात २३५’ असं लिहिणार होतो. आता आठवडाभर २३०वरच राहून आधी हे बांधतो.

सामान बरंचसं घरात आहे. आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या मागच्या पडवीत पडून आहेत, प्लायवुडचे तुकडे आहेत, जुना माऊस पॅड आहे. पिझो चकत्या (पॅडवरचा धक्का ओळखून मॉड्यूलला कळवणाऱ्या) लॅमिंग्टन रोडहून मागवतोय, भाऊ शनिवारी मुंबईहून निघतोय. ३५ मिलिमीटरच्या, एकदम दहा. गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तारा जोडून आलेल्या घेतल्या होत्या. चारातल्या तिघींचे सोल्डरचे टाके पहिल्या आठवड्यात सुटले. कोऱ्या चकत्या घ्या आणि टाका स्वतः मारा, पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवू नका, आणि तार टेपने दाबून ठेवा म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. ग्रॅव्हिटी ब्लास्ट (एकाच हाताने दुप्पट ठोके काढायची चाल) पहिल्यांदा आठ आवर्तनं टिकला. किटच्या रबरी रिमवर काठी उसळतच नाही, म्हणून जुना चौदा इंची स्टीलचा स्नेअर बाहेर काढला, रिमवरचा गंज घासून काढला आणि काठी रिमवर टेकवून खाली जाताना एक, वर येताना एक असं हळूहळू बसवत गेलो. मनगट सैल सोडल्यावर आपोआप चालायला लागलं. जोर लावला की बंद. आबांना दाखवलं, त्यांनी काठी मागून घेतली आणि दहा मिनिटं स्वतः करून बघितलं.

आता एक विचारायचंय. दोन किक पॅड एकाच फळीवर बसवले तर एकाची धडक दुसऱ्याच्या पिझोला लागून खोटा ठोका वाजतो का? मी मध्ये चार बोटं जागा सोडून धक्का शोषायला खाली वेगवेगळे टेनिस बॉल लावायचं म्हणतोय. कुणी बांधलं असेल तर शनिवारच्या आत सांगा, रविवारी फळ्या कापतोय.