तुम्ही विचारलंत म्हणून: एका घरासाठी बीआयएम कशाला?

"एवढ्याशा घराला बीआयएम कशाला, ते तर एअरपोर्ट आणि हॉस्पिटलवाल्यांचं काम ना?" (बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीच्या प्रत्येक भागाची माहिती धरून ठेवणारं कॉम्प्युटर मॉडेल.) हा प्रश्न मला घरमालक विचारतात, काँट्रॅक्टर विचारतात आणि गंमत म्हणजे आर्किटेक्ट मंडळीही विचारतात, त्यामुळे आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

थोडक्यात सांगायचं तर नवीन, साधं, एकमजली घर असेल आणि बांधणारा माणूस अनुभवी असेल तर नाही केलंत तरी काही बिघडत नाही. पण जुनं घर उघडून आत फेरफार करायचे असतील तर करा. लोकांना हे उलटं वाटतं, म्हणजे नवीन बांधकाम असेल तर मॉडेल, आणि रिनोव्हेशन म्हटलं की टेप, पेन्सिल आणि मिस्त्रीचं डोकं पुरे. पण नव्या घरात जागा रिकामी असते, जे ठरवाल ते बसतं. जुन्या घरात प्रत्येक गोष्ट आधीच कुठेतरी आहे आणि ती नक्की कुठे आहे हे कोणालाच धड माहीत नसतं. खरी भानगड तिथे असते.

आधी एक गैरसमज. बीआयएम म्हणजे थ्रीडी व्ह्यू नाही. सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन वगैरे दाखवणारं चित्र कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघतं. बीआयएममध्ये भिंतीला माहीत असतं की आपण भिंत आहोत, आपली जाडी किती, थर कोणते, आपल्यात दार कुठलं बसलंय, आणि ते दार सरकवलं की प्लॅन, सेक्शन आणि दारांची यादी तिन्ही एकदम बदलतात. कल्पना काही काल-परवाची नाही. ड्रॉईंगच्या गठ्ठ्याऐवजी इमारतीचं वर्णनच कॉम्प्युटरमध्ये ठेवा, असं संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं, हंगेरीतलं आर्कीकॅड हे सॉफ्टवेअर ऐंशीच्या दशकात छोट्या कॉम्प्युटरवर आलं, रेव्हिट हे दुसरं सॉफ्टवेअर २००० मध्ये आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतलं. मोठ्या लोकांचं काम असं जे वाटतं त्याचं कारण म्हणजे नियम आणि दस्तऐवज मोठ्या सरकारी कामांच्या मापाने शिवले गेले. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बीआयएम सक्तीचं केलं, नंतर २०१८ मध्ये आयएसओ १९६५० हे बीआयएमच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि ते सगळे शब्द ऐकून दोन खोल्या नीट करायला निघालेला माणूस घाबरतो. त्याला त्यातलं बरंचसं लागतच नाही.

लागतं काय ते एका बाथरूमवरून सांगते. घरमालक म्हणतात, कमोड समोरच्या भिंतीला घेऊया. प्लॅनवर ही एक तुटक रेघ असते, कोणीही ओढून देईल. आता ११० मिलिमीटरचा पाइप, शाफ्टपर्यंत (पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपर्यंत) अंतर ४ मीटर, उतार ४० ला १ धरला तर शेवटी पाइप १०० मिलिमीटर खाली गेलेला असतो. म्हणजे पाइपचा व्यास आणि उतार मिळून २१० झाले, त्यात बेंड, त्यात वरचं आवरण, आणि वाटेत जर बीम असेल तर पाइप सरळ त्या बीमच्या पोटात. मॉडेलमध्ये पाइपला उतार दिला की हे पाच मिनिटांत समोर येतं, कागदावरच्या रेघेला उतार नसतो म्हणून तिथे ते फरशी उखडल्यावर समजतं. मग पर्याय काय, तर कमोड शाफ्टजवळ ठेवा, नाहीतर बाथरूमची जमीन उचला आणि दाराशी पायरी सहन करा, नाहीतर खालच्या खोलीचं सीलिंग उतरवा. बीमला भोक पाडू हा पर्याय नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय तर नाहीच. पंप लावून मैला ढकलता येतो, हो येतो, पण मग तो पंप आयुष्यभर सांभाळायचा. यातलं काय निवडायचं हे घरमालकाने ठरवायचं आहे, आणि अजून टाइल्सही ठरलेल्या नाहीत तेव्हा ठरवलं तर कोणाचंच काही जात नाही.

मोठ्या प्रकल्पात क्लॅश, म्हणजे दोन वस्तू एकाच जागेत घुसणं, तपासायला सॉफ्टवेअर लावलं की हजारोंनी निघतात, त्यातले बरेच बिनकामाचे असतात. घरात मी सगळं तपासत बसत नाही, ठरावीक जागा बघते, कमोडच्या खाली, चिमणीच्या डक्टच्या वाटेत, एसीच्या ड्रेन पाइपवर, आणि जिना चढताना डोकं कुठे लागेल तिथे. आणि वस्तू उघडल्यावर काय होतं हे बघते, कारण बंद अवस्थेत सगळंच छान बसलेलं असतं, डिशवॉशरचं दार उघडलं की समोरचा ड्रॉवर अडतो हे तेव्हाच दिसतं जेव्हा कोणीतरी मॉडेलमध्ये दोन्ही उघडून बघतं.

आता जुन्या घराचं. भिंती सरळ नसतात, कोपरे काटकोनात नसतात. कोपरा एका अंशाने चुकला तर ३ मीटरच्या ओट्यामागे दुसऱ्या टोकाला ५ सेंटीमीटरची फट पडते, आणि मॉडेल करणाऱ्याचा हात आपोआप कोपरा ९० अंशाचा करतो कारण तसं काढायला सोपं जातं आणि दिसायलाही बरं दिसतं. म्हणून स्कॅन. लेझर स्कॅनर खोलीतल्या लाखो बिंदूंची मापं घेतो, तो पॉइंट क्लाउड मॉडेलखाली ठेवायचा आणि भिंत जशी वाकडी आहे तशी काढायची, निदान स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये तरी. २०२० पासून काही फोन-टॅब्लेटमध्ये लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, येतो, खोल्यांचा ढोबळ नकाशा करायला तो उत्तम, पण त्या मापावर फर्निचर कापायला देऊ नका, त्याला स्टँडवरचा स्कॅनर नाहीतर साधं लेझर मीटर आणि चिकाटी लागते.

पण स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या आत काय आहे ते नाही दिसत. आणि मॉडेलची सगळ्यात मोठी खोड हीच की त्यात सगळं सारख्याच आत्मविश्वासाने दिसतं, मोजलेली भिंत आणि मनाने काढलेला पाइप, दोन्हींच्या कडा तेवढ्याच धारदार. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला 'खात्री' नावाची एक प्रॉपर्टी लावते, तिची उत्तरं तीनच, मोजलं, पाहिलं, अंदाज. अंदाज म्हणजे नारिंगी रंग. पहिल्यांदा मॉडेल दाखवलं की अर्धं घर नारिंगी असतं आणि घरमालकाचा चेहरा पडतो, पैसे दिले ते याच्यासाठी का. मला विचाराल तर हो, याच्यासाठीच. तोडफोड सुरू करण्याआधी कुठे छोटं भोक पाडून आत बघायचं, कुठल्या भिंतीवर भार आहे हे इंजिनिअरला कुठे विचारायचं, याचा नकाशा म्हणजे ते नारिंगी. नारिंगी असलेल्या भिंतीवर मी हातोडा पडू देत नाही. कुठली भिंत पाडता येईल हे मॉडेल सांगत नसतं, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आहे ते, पाडायचं ते आणि नवीन ते असं वेगळं ठेवता येतं. रेव्हिटमध्ये त्याला फेज म्हणतात, आर्कीकॅडमध्ये रिनोव्हेशन फिल्टर. एकाच मॉडेलमधून तिन्ही ड्रॉईंग निघतात आणि पाडकामाचं मोजमापही निघतं, जे कोटेशनमध्ये एरवी 'अंदाजे' असतं आणि मग त्याच ओळीतून एक्स्ट्राचं बिल उगवतं. तीन काँट्रॅक्टर एकाच मोजमापावर दर देतात तेव्हा ते दर खरोखर शेजारी ठेवून बघता येतात. मात्र मॉडेल निव्वळ क्षेत्रफळ देतं, कापताना वाया जाणारी टाइल त्यात नसते, ती कोण धरतंय ते आधी विचारून घ्या. आणि मॉडेलमध्ये भिंत स्लॅबपर्यंत ओढलीय पण प्रत्यक्षात ती बीमखाली थांबते, असं असेल तर तुम्हाला दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक असा चुकीचा आकडा मिळतो.

सगळंच बारीक काढायचं नसतं हेही सांगून ठेवते. बेडरूममध्ये भिंत, दार, खिडकी, स्विचची जागा, बस. कंपनीने फुकट दिलेल्या नळाच्या जड फायली टाकून मॉडेल रांगायला लागतं, आणि तो नळ तर शेवटी बदलतोच.

मिस्त्री मॉडेल उघडणार नाही, ही तक्रार नाही, त्याच्या हाताला सिमेंट लागलेलं असतं. त्याला प्रत्येक भिंतीचा एक कागद हवा, मापं सगळी एकाच ठरलेल्या रेघेपासून. इलेक्ट्रिशियन मात्र फोनवर थ्रीडी आवडीने बघतात, त्यांना भिंतीच्या मागे काय आहे याची धास्ती असते.

सॉफ्टवेअर महाग पडतं असं छोट्या ऑफिसवाल्यांचं म्हणणं असतं, त्यांनी फुकट मिळणारं फ्रीकॅड बघावं, नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीमध्ये बीआयएमचा भाग आतच आलाय, किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं बोन्साय, जे थेट आयएफसीमध्ये (मॉडेलच्या खुल्या फॉरमॅटमध्ये) काम करतं. घरमालकांनी यातलं काही शिकायची गरज नाही.

त्यांनी फक्त काम संपताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात. मूळ फाइल, आयएफसी फाइल आणि पीडीएफ. आयएफसी हा खुला फॉरमॅट आहे, २०१३ पासून आयएसओ १६७३९, त्यामुळे दहा वर्षांनी ते मूळ सॉफ्टवेअर तुमच्याकडे नसलं तरी मॉडेल उघडायची आशा राहते. शिवाय प्लास्टर व्हायच्या आधी टेप लावून काढलेले फोटोही घ्या, त्यावरून मॉडेल दुरुस्त केलेलं असलं पाहिजे, कारण साइटवर पाइप वीतभर सरकतोच. ही दुरुस्ती कोण करणार आणि तिचे पैसे कशात धरलेत हे सुरुवातीच्याच करारात लिहून घ्या, शेवटच्या आठवड्यात सगळे पेंटरच्या मागे लागलेले असतात आणि तेव्हा हा विषय काढलात तर कोणी फोनही उचलत नाही.