'बघू'चं बटण

मुलीच्या फोनला कुलूप घालायला बसले तेव्हा वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. सेटिंग्जमध्ये शिरायचं, दोन-चार बटणं सरकवायची आणि उठायचं. अख्खी संध्याकाळ गेली.

सुरुवातीलाच तिची जन्मतारीख विचारली. ती भरली आणि फोनने लेकीला 'मूल' ठरवून टाकलं, कारण तेरा पूर्ण व्हायला तिला अजून चौदा महिने आहेत. हा तेराचा आकडा आला अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती वेबसाइटवाल्यांनी पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, एवढंच त्या कायद्याला म्हणायचं होतं. पुढे तोच आकडा बऱ्याच अ‍ॅपांच्या नियमांत जाऊन बसला. तेराव्या वाढदिवसाला अक्कलही येते असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, पण घरात त्या तारखेकडे डोळे लावून बसलेली एक व्यक्ती आहे.

मग डाउनटाइम, म्हणजे बहुतेक अ‍ॅपं बंद राहायची वेळ. रात्री दहा ते सकाळी सात, असं आधीच भरून ठेवलेलं होतं. कुणीतरी आपल्यासाठी विचार करून ठेवलाय, हे बघून बरं वाटलं. पुढे अ‍ॅपांची वर्गवारी आली आणि तिथे अडले. चित्रं काढायचं अ‍ॅप सर्जनशीलतेत, आणि ज्या व्हिडिओंवरून ती चित्रं काढायला शिकली ते करमणुकीत. करमणुकीला मी रोज पाऊण तास मंजूर केला. पाऊणच का, एक का नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडा भरायचा होता, भरला. शेवटी चार आकडी पासकोड. तो तिचं जन्मसाल ठेवला, हा माझा बावळटपणा. दोन दिवसांत तिने तो ओळखला आणि तिसऱ्या दिवशी, जरा जास्तच उत्साहात, मला सांगितलाही. आता दुसरा आहे, आणि तो मीच अधूनमधून विसरते.

खरी गंमत चौथ्या दिवशी झाली. मी ओट्याशी उभी असताना फोन वाजला. लेक जास्त वेळ मागत होती. पलीकडच्या खोलीतून. मध्ये एक भिंत, तिला दार, आणि दारही उघडंच. खाली पर्याय होते: पंधरा मिनिटं, एक तास, दिवसभर. आणि नकार.

हात पुसून मी बराच वेळ ते पर्याय बघत राहिले. मला हवं होतं ते त्यात नव्हतंच. 'बघू' कुठे होतं?

'बघू'वाचून मुलं वाढवता येतात यावर माझा विश्वास नाही. हा शब्द म्हणजे होकार नाही, नकारही नाही. आई-बापांनी स्वतःसाठी मागून घेतलेली ती मुदत असते. शिवाय त्याच्या जाती किती! नुसतं 'बघू' म्हणजे मी ऐकलेलं नाही. 'बघूऽ' म्हणजे ऐकलंय, पण आत्ता नको. 'बघू गं' म्हणजे जवळजवळ हो, फक्त थोडी लाडीगोडी कमी पडतेय. आणि 'बघू म्हटलं ना!' म्हणजे विषय संपला. मुलांना या सगळ्यांतला फरक बोलायला लागायच्या आधीपासून कळत असावा. आमच्या आईचं 'बाबांना विचार' आणि बाबांचं 'आई काय म्हणते?' ही याच कुळातली. त्या दोन खोल्यांमधल्या फेऱ्यांत अर्धे हट्ट आपोआप विरून जात.

फोनला हे काही ठाऊक नाही. त्याला आकडा हवा. मी एकदा नकार दाबला, तर ती दारात येऊन उभी राहिली. "तू खरंच नाही म्हणालीस, की चुकून दाबलं गेलं?" तोंडी नकारावर तिने हा प्रश्न कधी विचारला नसता, माझ्या चेहऱ्यावरच उत्तर मिळालं असतं. दुसऱ्या एका दिवशी घाईत पंधरा मिनिटांऐवजी 'दिवसभर' दाबलं गेलं. तेव्हा मात्र कुणीही विचारायला आलं नाही.

कुलूप उपयोगाचं नाही असं मी म्हणणार नाही. रात्री दहानंतर पांघरुणाखालचा उजेड गेला, आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारल्याशिवाय उतरू पाहणारे तीन खेळ दारातच अडले. फोनचं घड्याळ मागे न्यायची जुनी युक्ती तिने करून पाहिली असावी, कारण एका सकाळी तिच्या फोनात पहाटेचे तीन वाजले होते. मी काही बोलले नाही. तेवढी खटपट कुणी अभ्यासासाठी करत नाही, हे खरं.

फक्त घराचं जरा कचेरीसारखं झालं होतं. तिचे अर्ज, माझी मंजुरी. म्हणून हल्ली मी अर्ज आला की काहीच दाबत नाही. तसाच पडू देते.

काल तेच केलं. पाच मिनिटांनी आतून आवाज आला.

"आई, रिक्वेस्ट पाठवलीये."

"दिसली."

"मग?"

"बघू."

आत क्षणभर शांतता.

"कुठलं बघू?"